गाडीत राहिलेली पिशवी

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास ताहेरानं सहलीच्या ग्रुपवर तीच सूचना चौथ्यांदा टाकली. कपडे मळकट रंगाचे घाला. खाकी, करडे, शेवाळी. अत्तर, सुगंधी तेल, काही लावू नका. अस्वलाला दिसतं कमी, पण वास फार लांबून येतो. दोन मिनिटांत तात्यासाहेबांचा प्रश्न आला, 'पांढरा सफारी चालेल का?'

ताहेरानं फोन टेबलावर पालथा घातला आणि कप तोंडाला लावला. चहा गार झाला होता.

ती उस्मानपुऱ्यात राहायची. खाली नवऱ्याचं, मजीदचं, चष्म्याचं दुकान आणि वर घर. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि गेली सात वर्षं सुट्टीच्या दिवशी लोकांना जंगलात फिरवून आणायची. पक्षी झाले, फुलपाखरं झाली, एकदा तर नुसते कोळी दाखवायला पंधरा जणांना नेलं होतं. अस्वलं मात्र पहिल्यांदाच. बुलढाण्याच्या बाजूला एका अभयारण्यात खडकांच्या कपारीत त्यांची घरं होती. समोरच्या टेकाडावर दगडी आडोसा बांधलेला होता आणि फकिरा नावाचा तिथला वाटाड्या दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत माणसांना त्या आडोशामागं गप्प बसवून ठेवायचा. रविवारी पहाटे निघायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. अकरा माणसं. जंगलाचा ताहेराला कधीच त्रास झाला नाही. त्रास व्हायचा तो माणसांना तिथवर नेण्याचा.

त्या एकाच सकाळी ग्रुपमधल्या अल्तमशनं ड्रोन आणू का म्हणून विचारलं होतं. एकीला जेवणात लसूण नको होता, दुसरीला लसणाशिवाय जेवण जात नव्हतं. फकिराला सगळ्यांची आधार कार्डं परत हवी होती, कारण आधी पाठवलेली 'धुरकट' आली होती. आणि अस्वल दिसलं नाही तर काय, हे पाच जणांनी पाच तऱ्हांनी विचारून झालं होतं.

फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"ताहेरा मॅडम का?" म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, निवांत. "सहल लई चांगली झाली बघा. निस्ती माझी पिशवी ऱ्हायली गाडीत."

"कुठली सहल?"

"अस्वलाची. रैवारची."

"मावशी, ती येत्या रविवारी आहे. अजून व्हायचीय."

पलीकडून नुसती बारीक घरघर चालू होती. लाईन खराब असावी.

"बद्रीनाथच्या गाडीत, पार मागल्या शिटाखाली," बाई म्हणाली. "निळ्या चौकड्याची हाय. आत माझा चष्मा हाय. तसं त्याच्याबिगर बी भागतंय आता. पर नवा हाय ना, जीव ऱ्हातो त्याच्यात."

"माझ्या गाडीवर बन्सी आहे. तुम्ही दुसऱ्या कोणाबरोबर गेला असाल."

"नाय वो. तुमीच व्हत्या. गळ्यात दुर्बीण, आन सारखं वरडत व्हत्या, गप बसा, गप बसा म्हणून."

वर्णन तंतोतंत होतं, आणि म्हणूनच ताहेराचं डोकं जास्त फिरलं. ग्रुपमधल्याच कोणीतरी ही थट्टा लावली असणार. "ठेवते मी," म्हणून तिनं फोन ठेवला आणि तात्यासाहेबांना उत्तर लिहिलं: पांढरा चालणार नाही.

गुरुवारी कॉलेजातून परतताना बन्सीचा फोन आला. गाडीचा गिअरबॉक्स बसला होता.

"बन्सी, तीन दिवसांवर सहल आली आणि आता सांगतोस?"

"मॅडम, गाडीला काय तारीख कळतीय का? तुमी घोर करू नका. माझ्या मेव्हण्याची गाडी देतो, माझ्याहून नवी हाय. चिकलठाण्यात उभी असती. बद्रीनाथ नाव त्याचं. लई शांत माणूस."

ताहेरा क्रांती चौकात सिग्नलला स्कूटरवर बसलेली होती. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला, तेव्हा सिग्नल कधीच सुटल्याचं तिच्या लक्षात आलं.

घरी येईपर्यंत तिनं त्याचा उलगडा करून टाकला. ती बाई बन्सीच्याच नात्यातली असणार. गाडी मंगळवारीच बिघडलेली असणार आणि बन्सीनं ते दोन दिवस दडवलं असणार. तिला बन्सीचा इतका राग आला, की मग बाकीच्या गोष्टींचा विचार करायला जागाच राहिली नाही.

संध्याकाळी आणखी एक मेसेज आला. संस्कृती नावाच्या मुलीचा. 'मॅडम, एक जागा मिळेल का? माझ्या आजीला अस्वल बघायचंय. वय अठ्ठ्याहत्तर, पण चालते चांगली.' ताहेरा त्या वेळी अकरा आधार कार्डं एकेक करून फकिराला परत पाठवत होती. चढ दोन किलोमीटरचा, वाट दगडांची, तीन तास न हलता बसायचं. तिनं लिहिलं, 'जागा भरल्या. शिवाय या वयात नेता येणार नाही. क्षमस्व.' आणि ती पुढच्या कार्डाकडं वळली.

शुक्रवारी दुपारी स्टाफरूममध्ये ती डबा उघडत होती, तेव्हा परत तोच नंबर आला. न घेण्यापेक्षा घेऊन एकदाचं खडसवावं म्हणून तिनं घेतला.

"घावली का वो पिशवी?"

"हे बघा मावशी, मला कामं आहेत. कोणी सांगितलं तुम्हाला हे फोन करायला?"

"कोण सांगंल? माझी मीच." बाईच्या आवाजात राग नव्हता. "तुमी लई हुडकलं मला, त्याचं वाईट वाटतं. समदे गाडीकडं गेले. म्या तिथंच बसून ऱ्हायले. तुमी हाका मारत फिरत व्हत्या, मावशी, मावशी. दोनदा तर माझ्या जवळनंच गेल्या."

"मग ओ का दिली नाही?" ताहेरा वैतागून म्हणाली आणि म्हणाल्यावर तिला स्वतःचंच नवल वाटलं. न झालेल्या गोष्टीवर आपण भांडतोय.

"दिली असती तर जवळ आल्या असत्या ना तुमी," बाई म्हणाली. "त्याला नसतं खपलं ते."

"कोणाला?"

ती घरघर तेवढी होती. परवापेक्षा जास्त जवळ, संथ, किंचित वर चढणारी आणि खाली उतरणारी. मग तासाची घंटा झाली आणि फोन बंद झाला. डबा तसाच राहिला.

त्या संध्याकाळी सहाला अल्तमशच्या क्लासच्या खोलीत सगळ्यांची बैठक होती. अल्तमश बँकेच्या परीक्षांचे क्लास घ्यायचा. फळ्यावर अजून टक्केवारीची गणितं होती. अकरापैकी नऊ जण आले, त्यातले चार उशिरा. तात्यासाहेब सिंचन खात्यातून निवृत्त झालेले; त्यांनी अभयारण्याला पाणी कुठून मिळतं यावर दहा मिनिटं घेतली. जन्नत नावाच्या डेंटिस्ट बाईंनी विचारलं, की अस्वल अंगावर आलं तर झाडावर चढायचं ना? ताहेरा म्हणाली, अस्वल तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. कोणाला ते आवडलं नाही.

शेवटी तिनं लॅपटॉपला स्पीकर जोडला. "तिथं दिसण्याआधी ऐकू येईल. वारूळ फोडून वाळवी ओढताना असा आवाज करतं," म्हणून तिनं पहिला आवाज लावला. पंप ओढल्यासारखा, भसाभसा. लोक हसले. "भांडताना असा." दोघी दचकल्या. "आणि हा तिसरा. पिल्लू आईला पिताना हा आवाज करतं. मोठं अस्वलसुद्धा कधी कधी निवांत बसलं की स्वतःचा पंजा चोखत असा आवाज काढतं. सुखात असल्याची खूण."

खोलीत संथ घरघर भरली. किंचित वर चढणारी, खाली उतरणारी, न तुटणारी.

"ही तर पिठाची गिरणी झाली!" तात्यासाहेब म्हणाले.

ताहेराचा हात लॅपटॉपवरच राहिला. तिनं आवाज बंद केला.

"लावा की अजून थोडा वेळ," कोणीतरी म्हणालं.

"बस झालं," ती म्हणाली. "उद्या सगळ्यांनी टोप्या विकत घ्या. पांढऱ्या नाही."

शनिवारी सकाळी आठला ती गाडी बघायला चिकलठाण्याला गेली. नवी गाडी, नवा ड्रायव्हर. आधी डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती कोणाला बसवायची नाही. जालना रस्त्यावरून आत वळल्यावर बंद पडलेल्या एका कारखान्याच्या भिंतीला लागून गाडी उभी होती. बद्रीनाथ पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा. त्यानं नुकतीच गाडी आतून-बाहेरून धुतली होती. पायपुसणी भिंतीवर वाळत घातली होती आणि खालच्या सिमेंटवरून पाणी अजून वाहत होतं.

ताहेरानं टायर बघितले, प्रथमोपचाराची पेटी बघितली, पट्टे ओढून बघितले. पार मागच्या सीटपाशी आल्यावर ती थोडी थांबली. मग स्वतःवरच चिडून खाली वाकली.

सीटखाली निळ्या चौकड्याची पिशवी होती.

"ही कोणाची?"

बद्रीनाथ आत आला. पिशवीकडं बघितलं, मग ओल्या तळाकडं. "म्या आत्ता अर्ध्या तासापूर्वी पाइप मारला इथं," तो म्हणाला. "सीट उचलून मारला. नव्हती."

"कोणी आत आलं असेल."

"चावी माझ्या खिशात हाय मॅडम."

पिशवी कोरडी होती. आत एक लोकरीची कानटोपी आणि एक चष्मा. पिशवीच्या कापडाला तीन-चार केस चिकटले होते. लांब, काळे, राठ, मुळापाशी किंचित तपकिरी. ताहेरानं असे केस प्रयोगशाळेत मुलांना कितीदा तरी दाखवले होते. तिनं पिशवी नाकाजवळ नेली. उकरलेल्या मातीचा वास, त्यात कुजक्या मोहफुलांसारखं काहीतरी गोड, आणि खाली भिजलेल्या जनावराच्या अंगाचा दर्प.

"कोणाची तरी थट्टा आहे," ती मोठ्यानं म्हणाली.

बद्रीनाथ खाली उतरला आणि त्यानं पाइप गुंडाळायला घेतला. जरा वेळानं म्हणाला, "उद्या माझ्याऐवजी दुसरा कोणी गाडी चालवील तर जमंल का?"

"नाही जमणार!" ताहेरा ओरडली. सात वर्षांत ती ड्रायव्हरवर कधी ओरडली नव्हती.

उस्मानपुऱ्यात परत येईपर्यंत दहा वाजले होते. मजीद दुकानात काच पुसत होता. तिनं काही न सांगता चष्मा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"कोणाचा आहे, सांगू शकतोस?"

मजीदनं आधी फ्रेम बघितली, मग काचा यंत्राखाली धरल्या. "एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, दुसऱ्याचं नाही. वयस्कर बाई." मग त्यानं काडी उलटी केली. काडीच्या आतल्या बाजूला, स्क्रूच्या वर, नखाएवढा एक ओरखडा होता. दोन टिंबं आणि एक रेघ. आपण बसवलेल्या प्रत्येक चष्म्यावर मजीद ही खूण करायचा, म्हणजे तक्रार आली तर ओळखता यावी.

त्यानं अंगठ्यानं ती खूण चाचपली.

"ताहेरा, ये कहाँ मिला तुमको?"

"का?"

त्यानं काउंटरखालून एक खोकं ओढून वर ठेवलं. चिकटपट्टी अजून तशीच होती. "ही फ्रेम या खोक्यात आहे. आज सकाळी आलंय. नवा माल. शहरात अजून कोणाकडं नाही." त्यानं पट्टी फाडली, वरचे दोन थर काढले आणि तीच फ्रेम, काचा न बसवलेली, चष्म्याशेजारी ठेवली. "हाथ मेरा है. काम माझं आहे." त्यानं चष्मा जरा लांब सरकवला. "पण मी हे केलेलं नाही."

बाहेर रस्त्यावर भाजीवाला कांदे ओरडत चालला होता. ताहेरानं फोन काढून त्या बाईचा नंबर लावला.

तरुण मुलीनं उचलला. "हॅलो? हा आजीचा फोन आहे. मी संस्कृती बोलतेय."

"संस्कृती? परवा तूच मेसेज केला होतास?"

"हो मॅडम! तुम्हाला हा नंबर कुठून मिळाला?"

"तुझ्या आजी मला फोन करताहेत. बुधवारपासून."

मुलगी हसली. "आजी? मॅडम, आजीला फोन लावता येत नाही. आला तर घेते, तेवढंच."

"त्यांचा चष्मा हरवलाय का?"

"हरवायला आधी असायला हवा ना. आज संध्याकाळी जाणार आहोत करायला. उस्मानपुऱ्यात एक चांगलं दुकान आहे म्हणे."

ताहेरानं पत्ता विचारला. चिकलठाणाच. जिथून ती आत्ता आली होती, तिथून अर्ध्या किलोमीटरवर.

दुपारी चारला ती परत त्याच रस्त्यावर होती. ऊन चढलेलं, डोकं दुखत होतं, फोनवर फकिराचे तीन मिस्ड कॉल आणि तात्यासाहेबांचा 'करडा म्हणजे नेमका कोणता' हा प्रश्न. तिनं मनाशी ठरवलं होतं: पिशवी द्यायची, तोंडावर नाही म्हणायचं, आणि हा विषय इथं संपवायचा. ती बाई गाडीत बसलीच नाही, तर तिकडं राहायचा प्रश्नच येत नाही. हिशेब सरळ होता.

चार मजल्यांची नवी इमारत. लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' असा कागद. ती तिसऱ्या मजल्यावर चढून गेली. दार सताड उघडं होतं. ते मिटू नये म्हणून उंबऱ्याशी एक दगडी पाटा उभा टेकवलेला होता.

खिडकीशी शिलाई मशीनवर एक ठेंगणी म्हातारी बसली होती. संस्कृतीनं, कॉलेजात जाणाऱ्या चुणचुणीत मुलीनं, ओळख करून दिली, "ह्या माझ्या आजी, वच्छलाबाई." म्हातारीनं डोळे बारीक करून बघितलं आणि हात जोडले. आवाज तोच होता.

"तुम्ही मला फोन केला होता का, मावशी?"

"म्या कशाला करीन बाई? तुमाला कामं असतील."

ताहेरानं पिशवी पुढं केली. वच्छलाबाईंनी ती घेतली, उलटीसुलटी केली आणि मशीनकडं बघितलं. मशीनच्या सुईखाली निळ्या चौकड्याचं कापड होतं. दोन बाजू शिवून झालेल्या, तिसरी अर्धी. बंद अजून लावायचे होते.

"माझ्यावाणीच शिवलीय कोणीतरी," त्या म्हणाल्या. "टाका बी माझाच."

मग त्यांनी पिशवी तोंडाशी नेली आणि तिचा वास घेतला. बराच वेळ घेतला. पिशवी खाली आली तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच वास."

ताहेरानं बोलायचं ठरवलेलं वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

"माझं माहेर देवगाव रंगारीचं," वच्छलाबाई सांगू लागल्या. "पाच वर्साची व्हते. आई डोंगराकडं सरपणाला गेली, तिच्या मागं मागं म्या. चुकले. दोन रात्री घावले नाय. थंडीचे दिस, अंगात निस्तं एक झबलं. तिसऱ्या दिवशी लोकांनी उचलून आणलं तर अंगाला खरचटलं बी नव्हतं. समदे म्हणायचे, पोरगी गारठून मेली कशी नाय? म्या सांगितलं, मला निजवलं व्हतं. कोणी निजवलं? तर म्हणलं, आईनं. आई रडायला लागली. माझ्या झबल्याला केस चिकटलेले व्हते, ते तिनं एकेक करून काढले आन चुलीत घातले." त्यांनी पिशवीवरचा एक केस बोटानं सरळ केला. "लगीन झालं, लेकरं झाली, मालक गेले. तसली ऊब पुन्हा नाय मिळाली बघा कुठं. एकदा बघावं वाटतं. लांबून का व्हईना."

खाली अंगणात कोणाची तरी गाडी रिव्हर्स घेत असल्याचं गाणं वाजत होतं. ताहेराला एकदम वाटलं, की हो म्हणावं. तात्यासाहेबांना काढून टाकावं आणि हिला न्यावं. मग तिला ते आठवलं: दोनदा तर माझ्या जवळनंच गेल्या.

"मावशी, मी नाही नेऊ शकत तुम्हाला," ती म्हणाली. "रागावू नका."

"राग कशाचा?" वच्छलाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा गार हात. "तुमी परवाच नाय म्हणलात ना. मंग झालं. आता नगं."

त्या समाधानानं हसल्या आणि परत मशीनकडं वळल्या.

संस्कृती तिला सोडायला खाली निघाली. दारात पाटा ओलांडताना ताहेरा म्हणाली, "दार असं उघडं का ठेवलंय? उन्हाचं?"

संस्कृतीनं तोंड वाकडं केलं. "नाही हो. वैताग आणलाय आजीनं. गुरुवारी तुमचा मेसेज वाचून दाखवला, तेव्हापासून दार लावू देत नाही. रुसली वाटतं, म्हणून आम्ही आधी काही बोललो नाही."

"मग?"

"म्हणते, मला जाता येत नाही म्हणून त्याला यावं लागतंय. लांबून येतंय, दार बंद दिसलं तर परत जाईल." ती जिना उतरता उतरता बोलत होती. "काल सकाळी म्हणाली, गावात शिरलं. रात्री म्हणाली, खाली आलंय. त्याला जिने चढायची सवय नाही, वेळ लागणार. वयामुळं असेल ना मॅडम? डॉक्टरांना दाखवावं का?"

ताहेरा कठड्याला धरून उतरत होती.

दुसऱ्या मजल्यावर एक बाई फडकं आणि बादली घेऊन उभी होती. इमारतीचे जिने पुसणारी आशाबाई. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता.

"संस्कृतीताई, कोण चढतंय वो असल्या पायानं? सकाळधरनं तिसऱ्यांदा पुसते म्या. पुसून पाठ फिरवली की पुन्हा हायेच. आन समदे वर चढल्याचे. उतरल्याचा एक नाय."

"कसले?" संस्कृतीनं विचारलं.

आशाबाईनं फडक्यानं दाखवलं. फडकं त्यांच्या मागच्या पायरीकडं रोखलेलं होतं.

त्या दोघी नुकत्याच जी पायरी उतरल्या होत्या, तिच्यावर मातीचा ओला ठसा होता. माणसाच्या अनवाणी पावलासारखा, पण हाताच्या पसरलेल्या पंजाएवढा रुंद, आणि पाचही बोटं एका रेषेत. त्याच्या वरच्या पायरीवर दुसरा. त्याच्या वरच्या पायरीवर तिसरा. सगळे वरच्या दिशेनं. ओल अजून पसरत होती.

"आपण आत्ता इथूनच आलो," संस्कृती म्हणाली. "काहीच नव्हतं."

वरून वच्छलाबाईंचा आवाज आला. दुरून आलेल्या घरच्या माणसाशी बोलावं, तसा.

"आलास व्हय? ये. किती दमलास."

मग दगड फरशीवरून सरकल्याचा आवाज झाला, एका दमात, न थांबता. दार लागलं. आतून कडी बसली.

संस्कृती वर बघत राहिली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तो पाटा आजीच्यानं हलत नाही."